अर्जातील पोटअर्ज

(तालुका पातळीवरील अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शासन आणि नागरिक यांची पहिली भेट पुष्कळदा अर्जाच्या कागदावरच होते. जन्माची नोंद असो, शाळेतील प्रवेश असो, वारसाची नोंद असो की शिधापत्रिका असो, नागरिक आपले म्हणणे रकान्यांत मांडतो आणि शासनही त्याला त्या रकान्यांतूनच ओळखते. रकाना चुकला तर नोंद चुकते आणि ओळ गळली तर माणूसच नोंदीतून गळतो. हा अर्ज आता मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आला आहे. कागदाच्या अर्जात काय चुकू शकते, याचे ज्ञान कार्यालयांनी अनेक पिढ्यांच्या अनुभवातून मिळविले होते. पडद्यावरच्या अर्जात काय चुकू शकते, याचे ज्ञान मात्र अद्याप संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळातच राहिले आहे. ते तेथून बाहेर यावे, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

काही अर्ज एका माणसाचे असतात, तर काही अर्जांत एका नोंदीच्या पोटात अनेक नोंदी असतात. शिधापत्रिकेच्या अर्जात वर कुटुंबाचा पत्ता व उत्पन्न असते आणि खाली प्रत्येक सदस्यासाठी एक ओळ असते. जमिनीच्या नोंदीत पोटहिस्सा असतो, कायद्यात पोटकलम असते; त्याच धर्तीवर अर्जातील या अंतर्गत भागाला पोटअर्ज म्हणता येईल. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘नेस्टेड फॉर्म’ असे नाव आहे. दिसायला ही साधी गोष्ट आहे. परंतु संकेतस्थळांवरील अर्जप्रणाली बांधणाऱ्या कारागिरांना तिने नेहमीच अडचणीत टाकले आहे.

कागदावरची परंपरा

पोटअर्ज ही संगणकाने आणलेली नवलाई नव्हे. गाव नमुना सात व गाव नमुना बारा मिळून होणारा आपला सातबारा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एका गटाच्या माथ्याखाली अनेक खातेदार, त्यांचे इतर हक्क आणि वर्षावर्षांची, हंगामाहंगामांची पिके त्यात नोंदलेली असतात. शाळेच्या हजेरीपटात एका वर्गाच्या खाली विद्यार्थी आणि विद्यार्थ्यापुढे दिवस असतात. कागदावर या नात्याची वेगळी काळजी घ्यावी लागत नाही, कारण एका पानावर जे आहे ते एकमेकांचे आहे, हे डोळ्यांना दिसते. पान हेच नाते सांभाळते.

संगणकात पान नसते. १९७० साली एडगर कॉड यांनी माहितीच्या साठवणुकीचा जो संबंधाधारित सिद्धान्त मांडला, त्यावर आजचे बहुसंख्य डेटाबेस उभे आहेत. त्यानुसार कुटुंबांचा तक्ता वेगळा आणि सदस्यांचा तक्ता वेगळा ठेवला जातो. सदस्य कोणत्या कुटुंबातील, हे सांगण्यासाठी त्याच्या ओळीत कुटुंबाचा क्रमांक लिहिलेला असतो. हा एक क्रमांक म्हणजेच नाते. तो चुकला तर सदस्य दुसऱ्याच घरी जातो, आणि तो कोराच राहू दिला तर सदस्य बेघर होतो. पोटअर्जाचे सारे शास्त्र या क्रमांकाला जपण्याचे आहे.

सपाट टपाल

अडचणीचे मूळ मात्र आणखी खोल आहे. जगभरातील संकेतस्थळे ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तिची २.० ही आवृत्ती नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात अर्जाची रचना प्रमाणित करण्यात आली. अर्जाच्या आत दुसरा अर्ज ठेवता येत नाही, असा नियम त्या भाषेत आहे आणि तो आजही कायम आहे. शिवाय ‘पाठवा’ हे बटण दाबल्यावर नेहमीच्या अर्जातून सर्व्हरकडे जे जाते ती केवळ नावे आणि किमती यांची एक सरळ यादी असते. नाव अमुक, वय अमुक, गाव अमुक. कोणती ओळ कोणाच्या पोटातील, हे त्या यादीला ठाऊक नसते. घरातील पाच माणसांची माहिती पाच वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून एकाच पाकिटात टाकावी आणि चिठ्ठ्या कोणत्या क्रमाने लावायच्या हे मात्र लिहू नये, तसाच हा प्रकार आहे.

यावर उपाय म्हणून रकान्याच्या नावातच पत्ता लिहिण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या सदस्याच्या नावाचा रकाना ‘सदस्य-०-नाव’, दुसऱ्याचा ‘सदस्य-१-नाव’ असा लिहिला जातो. संगणकतज्ज्ञ मोजणी शून्यापासून करतात एवढाच फरक. सर्व्हरवरील प्रणाली ही नावे वाचून चिठ्ठ्या पुन्हा घराघरांत लावते.

हे काम दर वेळी नव्याने करावे लागू नये म्हणून तयार सांगाडे निर्माण झाले. त्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात. घर बांधताना खांब व तुळया तयार मिळाव्यात आणि भिंती व दारे गरजेप्रमाणे बसवावीत, तसा त्यांचा उपयोग असतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कार्यालयात एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी सुरू केलेला ‘जँगो’ हा सांगाडा २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. डेन्मार्कचे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी २००४ साली ‘रूबी ऑन रेल्स’ खुला केला. जँगोच्या सप्टेंबर २००८ मधील १.० या आवृत्तीत ‘फॉर्मसेट’ म्हणजे अर्जसंच होता. रेल्सने २००९ साली २.३ या आवृत्तीत पोटनोंदी स्वीकारण्याची सोय दिली. दोन्ही सांगाडे विनामूल्य आहेत व त्यांची घडण कोणालाही वाचता येते.

पुढील विवेचनात शिधापत्रिकेचे उदाहरण घेतले आहे ते केवळ विषय स्पष्ट व्हावा म्हणून. शासनाची प्रत्यक्ष प्रणाली कोणत्या साधनांनी बांधली आहे, याचे हे वर्णन नव्हे.

गळालेली ओळ

एका कुटुंबाची कल्पना करावी. आजी, तिचा मुलगा, सून, सतरा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू अशी पाच माणसे. कुटुंब प्राधान्य गटातील आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे अशा कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, म्हणजे पाच जणांचे २५ किलो. घरात बाळ जन्माला आले आणि त्याचे नाव मंजूर होऊन नोंदले गेले, तर हा हक्क ३० किलोचा होतो. अंत्योदय कुटुंबाचे ३५ किलो धान्य कुटुंबाला मिळते, तेथे माणसे मोजली जात नाहीत. परंतु प्राधान्य कुटुंबाच्या पोटअर्जातील एकेक ओळ म्हणजे वर्षाचे ६० किलो धान्य होय. ओळ गळणे ही येथे लेखनिकाची किरकोळ चूक राहत नाही.

आता ही ओळ कशी गळते ते पाहावे. जँगोच्या अर्जसंचात प्रत्येक पोटअर्जासोबत एक छोटा, डोळ्यांना न दिसणारा भाग जातो. त्याला व्यवस्थापन अर्ज म्हणतात. एकूण ओळी किती आणि त्यांपैकी आधीपासून नोंदलेल्या किती, हे आकडे त्यात असतात. सर्व्हर ओळी स्वतः मोजत बसत नाही. तो हा आकडा वाचतो आणि तेवढ्याच ओळी उघडतो. पडद्यावर ‘सदस्य वाढवा’ असे बटण असते. ते दाबल्यावर कोऱ्या ओळीचा नमुना उचलून खाली जोडण्याचे काम ब्राउझरमधील एक लहानसा कार्यक्रम करतो. त्याने ओळ जोडली, पण एकूण ओळींचा आकडा पाचाचा सहा केला नाही, तर काय होते? बाळाची ओळ पडद्यावर दिसते. सून त्यात नाव व जन्मतारीख भरते. बटण दाबल्यावर ‘नोंद झाली’ असा संदेश येतो. कोठेही चूक दाखविली जात नाही. आणि बाळाचे नाव मात्र कोठेच नसते, कारण सर्व्हरने पाच ओळी वाचून पाकीट मिटलेले असते.

याचेच दुसरे रूप असे की, अर्जदाराने तीन नव्या ओळी जोडल्या आणि मधली नको म्हणून काढून टाकली. आकडा एकाने कमी झाला. परंतु शेवटच्या ओळीचा क्रमांक बदलला नाही. मग सर्व्हर मधली न आलेली ओळ कोरी समजून सोडून देतो आणि शेवटची भरलेली ओळ वाचतच नाही. रेल्समध्ये ओळींच्या क्रमांकांत खंड पडला तरी चालते, ते एकमेकांपासून वेगळे असले म्हणजे झाले. जँगोमध्ये ओळी पुन्हा ओळीने क्रमांकित कराव्या लागतात. प्रत्येक सांगाड्याचा स्वभाव निराळा असतो आणि तो माहीत नसला तर त्याचा भुर्दंड नागरिकाला बसतो.

यावरचा उपाय कारागिराच्या हाती आहे तसाच तो अधिकाऱ्याच्याही हाती आहे. ‘नोंद झाली’ एवढाच संदेश कधीही पुरेसा मानू नये. डेटाबेसमध्ये जे प्रत्यक्ष उतरले ते पुन्हा वाचून, ‘कुटुंबात एकूण ६ सदस्य, त्यांची नावे अशी’, असे अर्जदाराला दाखविले पाहिजे. कागदी अर्ज घेताना चांगला लेखनिक भरलेला अर्ज अर्जदाराला वाचून दाखवीत असे. तीच शिस्त पडद्यावर यावयास हवी.

तपासणीच्या तीन पायऱ्या

पोटअर्जाची तपासणी तीन पायऱ्यांवर करावी लागते. पहिली पायरी रकान्याची : जन्मतारीख भविष्यातील नसावी, नाव कोरे नसावे. दुसरी पायरी ओळीची : एका ओळीतील रकाने परस्परांशी जुळावेत. या दोन पायऱ्या बहुतेक प्रणालींत असतात. तिसरी पायरी मात्र वारंवार विसरली जाते. ती सर्व ओळींची मिळून असते.

अन्नसुरक्षा अधिनियमाच्या कलम १३ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. पात्र कुटुंबातील अठरा वर्षांहून कमी नसलेली सर्वांत वडील स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख होय. अशी स्त्री नसेल आणि अठरा वर्षांखालील मुलगी असेल, तर सर्वांत वडील पुरुष सदस्य प्रमुख राहतो आणि मुलीला अठरा वर्षे पूर्ण होताच त्याच्या जागी ती प्रमुख होते. हा नियम कोणत्याही एका ओळीत पाहून तपासता येत नाही. सर्व सदस्यांची वये शेजारी शेजारी मांडल्याशिवाय प्रमुख कोण हे ठरत नाही. म्हणजे वरच्या अर्जातील एक रकाना खालच्या सर्व ओळींवर अवलंबून आहे. आपल्या उदाहरणातील आजी वारली आणि तिची ओळ कमी झाली, तर त्याच क्षणी सून कुटुंबप्रमुख झाली पाहिजे. जँगोमध्ये संपूर्ण अर्जसंचासाठी वेगळे तपासणीचे कलम लिहिण्याची सोय आहे. अशा नियमांची जागा ती होय. हा नियम कारागिराला आपोआप कळणार नाही. तो कायदा वाचणाऱ्या अधिकाऱ्यानेच लेखी दिला पाहिजे.

तपासणीच्या क्रमातही एक बारकावा आहे. वरचा अर्ज बरोबर असेल तरच खालचा पोटअर्ज तपासावा, असे लिहिण्याचा मोह कारागिराला होतो. दोन अटी एका ओळीत जोडल्या की यंत्र आपोआप तसेच वागते. परिणाम असा होतो की, अर्जदाराला प्रथम पत्त्यातील चूक कळते आणि ती दुरुस्त केल्यावर सदस्याच्या जन्मतारखेतील चूक कळते. घरी बसून अर्ज भरणाऱ्याला हा केवळ त्रास असतो. पण सेवा केंद्रात रोजगार बुडवून आलेल्या मजुराला त्यामुळे एकाऐवजी दोन हेलपाटे पडतात. म्हणून वरचा व खालचा भाग दोन्ही आधी तपासून सर्व चुका एकदम, ज्या त्या ओळीशेजारी दाखविल्या पाहिजेत. अर्जदाराने भरलेले इतर काहीही पुसले जाऊ नये, हे तर ओघानेच आले.

सर्व किंवा काहीच नाही

तपासणीनंतर साठवणूक येते. नव्या कुटुंबाची नोंद करताना आधी कुटुंबाला क्रमांक मिळतो, मग तो क्रमांक घेऊन सदस्यांच्या ओळी उतरतात. या दोन कृतींच्या मध्ये वीज गेली किंवा तिसऱ्या सदस्यापाशी काही बिघडले, तर दोन सदस्यांचे अर्धे कुटुंब डेटाबेसमध्ये राहते. अर्जदार पुन्हा अर्ज भरतो आणि मग एकाच घराची दोन कुटुंबे होतात. काही महिन्यांनी पडताळणीत ती दुबार म्हणून दाखविली जातात आणि संशय येतो तो मात्र अर्जदारावर.

यासाठी डेटाबेसमध्ये ‘व्यवहार’ ही सोय असते. बँकेत एका खात्यातून रक्कम वजा होऊन दुसऱ्यात जमा होते, तेव्हा दोन्ही नोंदी एकत्रच व्हाव्या लागतात. एक झाली व दुसरी राहिली असे चालत नाही. तसेच कुटुंब व त्याचे सर्व सदस्य एकाच व्यवहारात उतरले पाहिजेत. रेल्समध्ये वरची नोंद व तिच्यासोबतच्या पोटनोंदी एका व्यवहारात साठविल्या जातात. जँगोमध्ये मात्र कारागिराने तसे स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास संचातील ओळी एकेक करून कायम होत जातात. ही एका ओळीची सूचना असते, आणि ती लिहिली आहे की नाही हे पडद्याकडे पाहून कळत नाही.

याहून अवघड प्रसंग लग्नाचा. मुलगी सासरी गेली की माहेरच्या पत्रिकेतून तिचे नाव कमी करून सासरच्या पत्रिकेत ते वाढवावे लागते. हे दोन स्वतंत्र अर्ज मानले, तर मधल्या काळात ती स्त्री कोणत्याच कुटुंबात नसते. कागदाच्या काळात नाव कमी केल्याचा दाखला हातात घेऊन तिला हा मधला काळ काढावा लागे. संगणकात ही सक्ती नाही. तिची ओळ पुसून दुसरी लिहिण्याऐवजी त्याच ओळीतील कुटुंबाचा क्रमांक, दोन्ही बाजूंची पडताळणी झाल्यावर, एकाच व्यवहारात बदलता येतो. माणूस तोच राहतो, घर बदलते. प्रणाली बांधताना कागदाची रीत जशीच्या तशी उचलली, तर कागदाची गैरसोयही तिच्याबरोबर येते. मग यंत्र आणून काय साधले, हा प्रश्न नागरिकाने विचारला तर तो रास्तच ठरेल.

नाव कमी करण्याचा अधिकार

पोटअर्जात ओळ वाढविता येते तशी ती काढताही येते. येथे दोन सांगाड्यांचे धोरण निराळे आहे. रेल्समध्ये पोटनोंद काढण्याची परवानगी मुळात नसते, ती मागून द्यावी लागते. जँगोमधील कुटुंब व सदस्य अशा जोडअर्जांत काढण्याची खूण मुळातच दिलेली असते, ती नको असल्यास बंद करावी लागते. कारागिराने काहीच केले नाही, तर एका प्रणालीत नाव कमी करता येत नाही आणि दुसरीत ते एका खुणेने कमी होते. प्रशासनाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. कोणाचे नाव कोण कमी करू शकतो, हा धोरणाचा प्रश्न आहे. तो सांगाड्याच्या मूळ स्वभावावर सोडून देता येणार नाही.

शिवाय नोंद कमी करणे आणि नोंद पुसणे यांत अंतर आहे. तलाठ्याच्या दप्तरात जुना खातेदार खोडला जात नाही, त्याला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक शेजारी लिहिला जातो. उद्या वाद निघाला तर मागचे वाचता येते. पोटअर्जातही ओळ पुसू नये. ती कमी झाल्याची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे पद तिच्यापुढे लिहावे. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या जँगोच्या २.० या आवृत्तीपासून, वरची नोंद पुसली गेली तर खालच्या नोंदींचे काय व्हावे, हे कारागिराने लिहून देणे सक्तीचे आहे. कुटुंबाबरोबर सर्व सदस्य पुसले जावेत, की सदस्य असेपर्यंत कुटुंब पुसूच देऊ नये, असे पर्याय त्यात आहेत. सरकारी नोंदीसाठी दुसरा पर्याय योग्य, हे वेगळे सांगावयास नको.

अदृश्य रकान्यावर विश्वास नको

जुन्या ओळी ओळखता याव्यात म्हणून प्रत्येक ओळीसोबत तिचा क्रमांक अदृश्य रकान्यात जातो. परंतु अदृश्य म्हणजे सुरक्षित नव्हे. थोडे ज्ञान असलेला मनुष्य ब्राउझरमध्ये तो क्रमांक बदलून पाठवू शकतो. मार्च २०१२ मध्ये गिटहब या प्रसिद्ध संकेतस्थळावर असा प्रकार घडला. एका तरुण संगणकतज्ज्ञाने आपली प्रवेशाची किल्ली नोंदविताना मालकाच्या क्रमांकाचा रकाना स्वतः जोडून पाठविला, आणि त्याची किल्ली रेल्सच्या निर्मात्यांच्या खात्याला जोडली गेली. दोष दाखवून देणे हाच त्याचा हेतू होता. या प्रकाराने सर्वांचे डोळे उघडले आणि जून २०१३ मधील रेल्सच्या ४.० या आवृत्तीपासून, कोणते रकाने स्वीकारावयाचे याची यादी कारागिराने लिहून देण्याची पद्धत आली.

शिधापत्रिकेच्या उदाहरणात याचा अर्थ असा की, सर्व्हरने सदस्याचा क्रमांक वाचल्यावर तो सदस्य याच कुटुंबातील आहे काय, आणि अर्ज करणाऱ्याला या कुटुंबात बदल करण्याचा अधिकार आहे काय, हे दर वेळी तपासले पाहिजे. पहिली तपासणी हे सांगाडे करतात. दुसरी मात्र प्रत्येक कार्यालयाच्या नियमांवर अवलंबून असल्याने ती स्वतः लिहावी लागते.

पोटात पोट

कुटुंब आणि सदस्य ही दोन पायऱ्यांची रचना झाली. शेतीत तिसरी पायरी येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून करणे शेतकऱ्याला शक्य झाले. अशा नोंदीची घडण पाहिली तर खातेदाराच्या पोटात गट आणि गटाच्या पोटात पिके येतात. एका हंगामातील पिकांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्राहून अधिक होता कामा नये, हा नियम दोन पायऱ्यांना जोडतो. त्यातच हेक्टर व आर यांचा घोळ असतो : १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५ हेक्टर, १.५ नव्हे. वेगवेगळ्या रकान्यांत घेतलेले आकडे जोडताना ही चूक झाली, तर ४५ आर जमीन कागदोपत्री जन्माला येते.

तीन पायऱ्यांचा अर्जसंच जँगोमध्ये तयार मिळत नाही. प्रत्येक गटाच्या ओळीला तिचा स्वतःचा पिकांचा संच कारागिराने जोडावा लागतो, रकान्यांच्या नावांत दुहेरी पत्ता घालावा लागतो आणि गटाची तपासणी होताना पिकांची तपासणी व साठवणूक होईल असे हाताने लिहावे लागते. यांपैकी तपासणी विसरली, तर गट तपासले जातात आणि पिके न तपासताच पुढे जाऊ शकतात.

मर्यादाही लक्षात ठेवावयास हवी. जँगो एका वेळी मूलतः १००० रकाने स्वीकारतो, त्याहून अधिक आल्यास संपूर्ण अर्ज नाकारतो. चाळीस गट, प्रत्येकी तीन पिके आणि पिकामागे आठ रकाने धरले तरी पिकांचेच ९६० रकाने होतात. गटांचे व अदृश्य रकाने मिळविले की मर्यादा ओलांडली जाते. ही मर्यादा वाढविता येते; परंतु एवढा मोठा अर्ज मोबाइलच्या लहान पडद्यावर भरणे आणि अपुऱ्या नेटवर्कमध्ये तो एका दमात पाठविणे शेतकऱ्याला झेपणार आहे काय, हा खरा प्रश्न आहे. अशा ठिकाणी पोटात पोट घालण्यापेक्षा एका वेळी एक गट घ्यावा, भरलेला भाग मसुदा म्हणून जपावा आणि शेवटी सर्व एकत्र दाखवून संमती घ्यावी, हे अधिक हिताचे ठरते. पोटअर्ज बांधता येतो म्हणून तो बांधलाच पाहिजे असे नाही.

परीक्षा कोणी घ्यावी?

नवीन प्रणाली कार्यालयात येते तेव्हा तिचे प्रात्यक्षिक बहुधा एका सुटसुटीत कुटुंबावर दाखविले जाते : पती, पत्नी, दोन मुले, सर्व रकाने भरलेले. अशा कुटुंबावर कोणतीही प्रणाली उत्तीर्ण होते. खऱ्या परीक्षेची कुटुंबे निराळी असतात आणि ती ग्रामसेवक, शिक्षक व पंचायत सदस्य यांना जेवढी ठाऊक असतात तेवढी कोणत्याही कारागिराला नसतात. एकटी राहणारी वृद्धा. एकत्र कुटुंबातील पंधरा माणसे. ज्या घरात प्रौढ स्त्री नाही, पण सतरा वर्षांची मुलगी आहे असे घर. काल जन्मलेले आणि अद्याप नाव न ठेवलेले बाळ. ऊसतोडीला गेलेले आणि सहा महिने गावाबाहेर असलेले कुटुंब. प्रणाली स्वीकारण्यापूर्वी या पाच कुटुंबांचे अर्ज भरून पाहावेत.

भरताना मुद्दाम चुकाही कराव्यात. ओळ जोडून काढावी, पुन्हा जोडावी आणि शेवटी नोंदलेली नावे मोजावीत. एका सदस्याची जन्मतारीख चुकवावी आणि बाकीच्यांची माहिती जागेवर राहते काय हे पाहावे. ‘पाठवा’ हे बटण घाईने दोनदा दाबावे आणि कुटुंब दोनदा नोंदले जात नाही ना, याची खात्री करावी. दोन लेखनिकांनी एकाच कुटुंबाचा अर्ज दोन पडद्यांवर एकाच वेळी उघडावा. एकाने बाळाचे नाव वाढवावे, दुसऱ्याने पत्ता बदलावा आणि दुसऱ्याच्या नोंदीने पहिल्याची नोंद झाकली जात नाही ना, हे तपासावे. यासाठी संगणकाचे शिक्षण लागत नाही, गावाची ओळख लागते.

शाळेत शिक्षक मुलांना बेरीज शिकवितात तेव्हा उत्तर बरोबर आले एवढ्यावर थांबत नाहीत. ताळा करून पाहण्यास सांगतात. पडद्यावरच्या अर्जालाही असा ताळा हवा. घरात माणसे किती आणि नोंदीत नावे किती, हा तो ताळा होय. तो ज्या कार्यालयात रोज केला जाईल, तेथे आजीच्या पश्चात सुनेचे नाव प्रमुख म्हणून वेळेवर लागेल, सासरी गेलेली लेक मधल्या काळात कोणत्याच घरची नाही असे होणार नाही, आणि नव्या बाळाचे ५ किलो धान्य न दिसणाऱ्या एका आकड्यामुळे अडणार नाही.